त्यांचा एक, माझे दोन

चांगो हिरू ठोंबरे याला झोपायला जागा लागत नसे, फक्त वेळ व्हावी लागे. दुपारचे बारा वाजले की तो असेल तिथं आडवा होई आणि दोन वाजता कुणी न हलवता उठून बसे. या सवयीनं त्याचं आयुष्य वाटोळं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. झोपेनं माणसाचं वाटोळं होतं ते जास्त झोपल्यानं, वेळेवर झोपल्यानं नव्हे, अशी तोवर सगळ्यांची समजूत होती.

चांगो टपालाचा रनर होता. सावरपाडा म्हणजे कर्जतहून नदी ओलांडली की लागणारं गाव. तिथल्या टपाल कचेरीतून सकाळी साडेनऊला डाकेची थैली खांद्यावर घ्यायची, घुंगरं बांधलेला भाला हातात धरायचा आणि लोधिवलीच्या अलीकडच्या एका गावापर्यंत आठ मैल पळायचं. त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या विष्णूशेटचे मुलगे अजून दुकान चालवतात. टपालाचं काम विष्णूशेट दुकानातच, मिठाच्या गोणीवर कागद ठेवून करायचे. तिथं बारा ते दोन झोप, मग परतीची थैली, परत आठ मैल. रविवार सोडून रोज, पावसात आणि उन्हात. एकोणीसशे एकोणपन्नासपासून.

घुंगरं वाघासाठी असतात असं जुनी माणसं सांगत. बासष्ट सालापर्यंत वाघ उरले नव्हते, पण खात्यानं तसं लेखी कळवलं नव्हतं. त्यामुळं घुंगरं चालू होती. वाटेवरच्या पाड्यात पोशा नावाचा एक म्हातारा होता. डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. चिंचेखाली बसून तो घुंगरांवरून वेळ सांगायचा. "चांगो गेला, आता भात चढवा गं," असं तो ओरडला की घराघरांतून भात चढायचा.

तेरा वर्षं पळूनही चांगो कायम नव्हता. तो बदली होता. बदली म्हणजे कायम रनरच्या जागी तात्पुरता पळणारा माणूस. कायम रनर कमळ्या गुडघे धरून घरी बसला होता आणि कागदावर मात्र पळत होता. त्या जानेवारीत कमळ्या वारला, जागा खरोखरच रिकामी झाली, आणि सावरपाड्याचे पोस्टमास्तर अप्पा कर्णिक यांनी चांगोचं नाव वर पाठवलं.

अप्पा हा नियमातला माणूस. घरी जेवताना भाजी आधी की आमटी आधी यालाही त्यांच्याकडं नियम होता. त्यांनी चांगोला समोर उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ चांगो. एकतीस मार्चच्या आत तू कायम झालास तर झालास. त्यानंतर ही लाईन यष्टीकडं द्यायची की काय ते वर ठरणार आहे. कायम माणसाला खातं दुसरीकडं सामावून घेतं. बदलीला नमस्कार करतं."

"मंग करा की कायम, अप्पा."

"डॉक्टरचा दाखला लागतो. शरीरानं पळण्यास योग्य आहेस असा."

चांगो हसला. तेरा वर्षं वर्षाला पाच हजार मैल पळणाऱ्याला पळता येतं की नाही ते डॉक्टरनं सांगायचं, हे त्याला विनोदी वाटलं. तो शेवटचा विनोद.

नऊ फेब्रुवारीला, शुक्रवारी, लाईनवर आपला भाऊ शुक्रा याला एका दिवसापुरतं पळवून चांगो जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. एका दिवसाच्या बदलीची परवानगी होती, तीही डॉक्टरकडं जायचं म्हणून. सरकारी डॉक्टरच्या व्हरांड्यात तो दहाला पोचला. बसायला सांगितलं, तो बसला. बारा वाजले. चांगो बाकाखाली सरकला आणि झोपला.

साडेबाराला नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. कंपाउंडर शोधत आला. माणूस भला होता. दमलेल्या खेडुताला हलवून उठवण्यापेक्षा झोपेतच नाडी मोजून घ्यावी, तेवढंच काम उरकेल, असा त्यानं विचार केला. त्यानं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा धरलं, आणि मग साहेबांच्या खोलीकडं पळाला. त्या दिवशी त्या व्हरांड्यात तेवढा एकच माणूस पळाला.

चौतीस.

डॉक्टर आले. जागं केल्यावर नाडी शेहेचाळीस भरली. डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"चक्कर येते?"

"नाय, सायेब."

"दम लागतो?"

"पलताना लागतो."

"किती पळतोस?"

"सोला मैल."

"आठवड्याला?"

"रोजचं."

डॉक्टरांनी कंपाउंडरकडं बघितलं. त्यांनी वाचलेली सगळी पुस्तकं खाटेवर पडलेल्या माणसांबद्दल होती. पळणाऱ्या माणसावर कुणी पुस्तक लिहिलं असेल तर ते त्या जिल्ह्यात आलं नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हृदयाचा ठोका वरून खाली जाताना वाटेत अडतोय. असा माणूस एखाद्या दिवशी झोपेत जातो तो उठत नाही. पळणं ताबडतोब बंद. सहा आठवडे पूर्ण विश्रांती. सव्वीस मार्चला पुन्हा यायचं, आणि नाडी पुन्हा झोपेतच मोजणार, कारण जागेपणी माणूस नाडीलाही फसवू शकतो.

दाखल्यावर लिहिलं: तूर्त अयोग्य.

शनिवारी चांगोनं तो कागद अप्पांपुढं ठेवला आणि भाला हातात घेऊन पळायला निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा अप्पा त्याच खुर्चीत, तोच कागद घेऊन बसले होते.

"सहा आठवडे विश्रांती म्हणतायत."

"घेतो की. पलून आल्यावर."

"तशी नाही. आणि बदलीला रजा नसते. एक दिवस चुकलास की नोकरीत खंड. खंड पडला की तेरा वर्षं पुसली, पुन्हा पहिल्यापासून."

"शुक्रा पलंल माज्या बदली."

"बदलीला बदली देता येत नाही. काल दिली ती एका दिवसाची. नियम आहे."

पळण्यास योग्य ठरायचं तर पळणं थांबवायला हवं होतं, आणि पळणं थांबवलं तर योग्य ठरून उपयोग नव्हता. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा नियमांचं पुस्तक मागून पुढं वाचून पाहिलं. तिकडूनही तेच निघत होतं.

घरी जनीनं, म्हणजे चांगोच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. ती तेव्हा तिशीची असेल. लावणीला तिच्या जोडीला उभं राहायला बाया नाखूश असत, कारण ती पुढं निघून जाई आणि मागं राहिलेलीची शोभा होई. दोन मुलं झोपली होती. शेत होतं ते सासऱ्यानं सहा भावांत वाटलेलं. त्यातून चार महिन्यांचं भात येई. बाकीचे आठ महिने थैलीवर होते.

"म्हंजी झोपंत तुमचं काळीज थांबतं?" तिनं विचारलं.

"तसं डाक्तर बोलला."

"मंग थैली मी नेतं."

"तू? बाई मानसानं डाक न्यायची?"

"पोस्टात सही तुमी करायची. वडापाशी थैली मला द्यायची. घुंगरं काय, कुनी बी वाजवल्यावर वाजतात. लोकं ऐकतात, बघतंय कोन?"

अप्पांना हे कुणी सांगितलं नाही. सोमवारी साडेनऊला चांगोनं सही केली, थैली घेतली आणि तो वडाच्या वळणाकडं चालत गेला. तेरा वर्षांत पहिल्यांदा चालत. अप्पा खिडकीतून बघत होते. वडाआडून घुंगरं पुन्हा वाजू लागली ती जरा वेगळ्या चालीत. अप्पांनी खिडकीकडं पाठ केली आणि शनिवारचे शिक्के साफ करायला घेतले. ते साफच होते.

पहिल्या दिवशी जनीला तिकडं पोचायला तीन तास लागले. विष्णूशेटना सगळं सांगणं भागच होतं. ते ऐकून त्यांनी स्टूल घेतलं, त्यावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ एक तासानं मागं केलं. कागदावर वेळ घालायची ती घड्याळात बघून, असा नियम होता आणि तो त्यांनी पाळला. दुसऱ्या हप्त्यात घड्याळ पाऊण तासच मागं घ्यावं लागलं, तिसऱ्यात अर्धा तास. पाचव्या हप्त्यात विष्णूशेट स्टुलावर चढलेच नाहीत.

पोशा म्हातारा चिंचेखालून ओरडायचा, "चांगो, आज पाय जड झाला रं! बायकोनं जेवू नाय घातलं?" जनी उत्तर न देता जायची. पुढं तो म्हणू लागला, "आता बरा पलतोस रं. मदी काय झालंतं तुला?" एकदा म्हणाला, "चांगो, बोलत का नाय? कायम व्हनार म्हनून शिंगं फुटली का रं?" जनी त्या दिवशी वाटभर रडत पळाली असं तिनंच पुढं सांगितलं. हसत सांगितलं, पण सांगितलं.

चौथ्या हप्त्यात सायकलवरून तपासनीस आला. जनीनं त्याला लांबून इर्शाळगडाच्या बाजूच्या चढावर बघितलं. तिनं घुंगरं पदरात गुंडाळली, भाला बांधाआड टाकला, थैली पाटीत ठेवून वर वालाच्या शेंगा पसरल्या आणि पाटी डोक्यावर घेतली.

"रनर गेला का गं?"

"आत्ता गेला, सायेब. लई पलतो तो."

तपासनीसानं सायकलवर पाय टेकूनच वहीत शेरा लिहिला: रनर चपळ. हा शेरा चांगोच्या नावानं अजून कुठल्या तरी फायलीत असेल. त्यात चूक काढता येणार नाही.

चांगोचे दिवस मात्र सरत नव्हते. त्यानं घराबाहेर पडायचं नव्हतं, कारण तो लोधिवलीच्या वाटेवर होता. वडापासून आडवाटेनं घरी येऊन, दार लावून, कुडाच्या खोलीत तो खाटेवर पडून राही. पावणेदहाला घुंगरं घरामागून जात. पहिले काही दिवस त्याचे पाय आपोआप हलत; झोपलेल्या कुत्र्याचे हलतात तसे. त्याची बारा वाजताची झोप गेली. ज्याचं काळीज झोपेत थांबतं असं सांगितलंय त्यानं डोळे मिटायचे कसे? तो कुडाच्या काठ्या मोजत बसे. काठ्या एकशे बारा होत्या. एके दिवशी एकशे तेरा भरल्या तेव्हा आपलं डोकंही चाललं असं वाटून तो भिंतीला कपाळ टेकून बसला.

"जनी, आपन मुलांना घेऊन कुटं तरी जाऊ," तो म्हणायचा. "रसायनीला कारखाने येतायत म्हनं."

"तिथं बी डाक्तर आसंल."

नाडी मोजायचं काम जनीचं होतं. घरात घड्याळ नव्हतं. तिनं आपलं साधन शोधून काढलं. पहाटे ती आधी उठायची. चांगो तेव्हा गाढ झोपेत असायचा, कारण त्याला झोप लागायची ती पहाटेच. ती त्याचं मनगट एका हातात धरायची, दुसरा हात स्वतःच्या गळ्याशी लावायची आणि दोन्ही ठोके एकमेकांशी ताडून बघायची. पहिल्या पहाटे तिनं त्याला उठल्यावर सांगितलं, "तुमचा एक, माजे दोन." तीच त्यांची आजाराची मोजणी ठरली. त्याचा एक आणि तिचा एक, असं बरोबर झालं की तो बरा.

तिसऱ्या हप्त्यात ती म्हणाली, "तुमचे दोन, माजे तीन." चांगो खाटेवर उठून बसला. पाचव्या हप्त्यात एका पहाटे तिनं मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिनं त्याला हलवून जागं केलं.

"बरूबर झालं, अवो. तुमचा एक, माजा एक."

दोघांनी त्या दिवशी देवापुढं नारळ फोडला. सव्वीस तारखेच्या पहाटे तर त्याचा ठोका तिच्या पुढं निघून गेला. "आता तुमी माज्या पुढं," ती म्हणाली. मापायचं माप रोज सोळा मैल पळतंय, हे त्या घरात कुणाच्या ध्यानात येणार? एका माणसाचा ठोका वर चढत होता आणि दुसऱ्याचा खाली उतरत होता, आणि मध्ये कुठंतरी ते भेटले त्याला दोघं बरं होणं म्हणत होते.

सव्वीसला सोमवारी डॉक्टरनं चांगोला खाटेवर झोपवलं. झोप म्हणाले. चांगोला झोप येईना. बारा वाजले, एक वाजला. नर्स येऊन बघून जाई. याचे डोळे मिटलेले, पापण्या थरथरत. "जागा आहेस," ती म्हणायची. दोन वाजले. ज्या झोपेनं त्याला बुडवलं होतं ती आता मागूनही मिळत नव्हती. तीन वाजता त्यानं नर्सला हात जोडले. "बाई, काय तरी औषीद द्या. मला आजच झोपायचं हाय." औषध देऊन मोजलेलं चालत नाही, असं तिनं सांगितलं. मग तो भिंतीकडं तोंड करून, उशी तोंडात धरून, आवाज न करता रडला. रडून दमला आणि चारला झोपला.

बासष्ट.

डॉक्टर खूष झाले. आपल्या उपचाराचा एवढा स्वच्छ परिणाम त्यांना क्वचितच बघायला मिळत असे. दाखल्यावर त्यांनी लिहिलं: योग्य.

त्याच दुपारी आठ मैलांच्या पलीकडं जनी विष्णूशेटच्या ओसरीवर गोणीला टेकून झोपली होती. विष्णूशेटची बायको उमावहिनी ही वैद्याची मुलगी. दुसऱ्याचं मनगट हातात घ्यायला तिला संकोच वाटत नसे. पोरीचा नवरा आज डॉक्टरकडं गेलाय, हिची झोप किती शांत, असं म्हणत तिनं सहज हात लावला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तीनदा मोजलं. नंतर जनीच्या तोंडावर पाणी मारलं.

"जने, ऊठ गं! तुला काय होतंय?"

"भूक लागलीया, वहिनी."

"चव्वेचाळीस भरतायत गं तुझे!"

जनी विसांनी मोजायची. दोन विसा आणि चार, असं तिनं मनात मांडलं. चांगले की वाईट ते तिला कळलं नाही. ती भाकर खाऊन थैली घेऊन निघाली. विष्णूशेटनं घाईघाईनं अप्पांना चिठ्ठी लिहिली होती, ती थैलीतच टाकली. आपल्या आजाराची बातमी जनीनं आपल्याच खांद्यावरून आठ मैल पळत आणून वडापाशी, त्या दिवसापुरती चांगोच्या जागी सही केलेल्या शुक्राच्या हातात दिली, आणि ती दहा मिनिटं लवकर पोचली.

सत्तावीसला सकाळी चांगो दाखला घेऊन टपाल कचेरीत आला. चार दिवस हातात होते. अप्पांनी दार आतून लावलं आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

चांगो खाली बसला.

"बदली दिली म्या, अप्पा," तो म्हणाला. "आजाराला बदली दिली. माजा तिला लावला नि मी बरा झालो."

"नाडी अशी लागत नाही रे एकाची दुसऱ्याला."

"मंग तिची खाली का गेली? तुमी सांगा. शिकलेलं हायसा ना तुमी?"

अप्पांकडं फक्त नियम होते.

"मी तिला डाक्तरकडं नेतो. आत्ताच्या आत्ता."

"ने. डॉक्टर विचारेल बाई काय काम करते. काय सांगशील? घरकाम? तुला ओळखतो तो. तुझ्या बायकोलाही तुझाच आजार, सहा आठवड्यांत? त्याला दोन अधिक दोन करता येतात. मग तू जाशील, मी जाईन, विष्णूशेट जातील. तिच्या औषधाला पैसा कुठून आणणार? तो कागद इकडं दे."

चांगोनं कागद छातीशी धरला. "हा दिला की झालं. मी बरा, ती आजारी, सरकारी शिक्क्यानिशी."

"चांगो, मुलं आहेत रे तुला." अप्पांनी हात पुढं केला. "माझाही जीव जातोय. दे."

त्यानं कागद टेबलावर ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा बोटं सुटली.

एकतीसच्या आत हुकूम निघाला. चांगो कायम झाला.

पण त्या सत्तावीस तारखेलाच त्यानं वडापाशी थांबलेल्या जनीच्या हातून भाला काढून घेतला. "तू घरी बस." सहा आठवडे खाटेवर पडलेला माणूस, अर्ध्या चढावर तो ओकला. विष्णूशेटना पुन्हा स्टुलावर चढावं लागलं. पोशा ओरडला, "चांगो, परत आजारी पडला का रं?" चांगो थांबला आणि म्हणाला, "व्हय, बाबा. परत पडतोय."

कारण त्याला आता सगळं समजलं होतं. आजार घरात एकच आहे आणि तो थैलीबरोबर फिरतो. थैली ज्याच्या खांद्यावर, आजार त्याला. पावसाळा संपता संपता उमावहिनीनं त्याची झोपेतली नाडी मोजली तर अडतीस. जनीची सत्तरवर आली होती. चांगोला अतोनात बरं वाटलं. ज्याला पगार आहे त्यानंच मरावं हे त्याला न्यायाचं वाटलं.

मात्र जनीबाबत त्यानं कसलाच धोका पत्करला नाही. एकदा शिवून गेलेला आजार वाट बघत असतो असं त्याचं मत होतं. त्यानं तिला हंडा उचलू दिला नाही. पहाटे पळायच्या आधी तोच विहिरीवर जायचा. बाया तोंडात पदर घालून हसायच्या, "चांगोबाय, आमचा बी हंडा भरा की!" लावणीला जनीला बांधावर बसवलं.

"मी आजारी नाय वो," ती म्हणायची.

"वहिनीनं घड्याल लावून मोजलंय."

"ते तवा. मला काय बी होत नव्हतं. उलट बरं वाटायचं."

"मला बी बरंच वाटतं," चांगो म्हणायचा, "हाच तर या आजाराचा डाव हाय."

यावर कुणालाच वाद घालता आला नसता. बांधावर बसून ती इतरांच्या रांगा बघायची. पहिल्या वर्षी ती ओरडून चुका काढायची. तिसऱ्या वर्षी गप्प झाली.

चांगो पुढं नऊ वर्षं पळाला. रोज दुपारी बाराला विष्णूशेटच्या ओसरीवर आडवं होण्याआधी भाला भिंतीला नीट टेकवायचा आणि तेच सांगायचा, "शेट, दोनला उठलो नाय तर शुक्राला बोलवा. जनीला थैली उचलू देऊ नका." सुरुवातीला विष्णूशेटच्या डोळ्यांत पाणी यायचं. नऊ वर्षं रोज ऐकल्यावर ते गूळ तोलता तोलता "बरं" म्हणायचे. चांगो मात्र प्रत्येक वेळी खरंच निरोप घेऊन झोपायचा. दोन वाजता डोळे उघडले की तो थोडा वेळ आढ्याकडं बघत राहायचा, आणि मग थैली उचलायचा. असे अडीच हजारांवर निरोप त्यानं घेतले.

एकाहत्तर साली लाईन यष्टीकडं गेली. कायम असल्यामुळं त्याला खात्यानं पॅकर म्हणून खुर्ची दिली. तो थैल्या शिवायचा, लाखेचे शिक्के मारायचा. नाडी हळूहळू सत्तरवर आली. "उतरला आजार," त्यानं अप्पांना सांगितलं, आणि आवाज खाली करून म्हणाला, "आता यष्टीच्या डायवरला व्हनार. त्याला कुनी तरी सांगाया पायजे." अप्पांनी त्याला कसंबसं थांबवलं.

त्र्याऐंशी साली, कर्जतला निवृत्त जीवन काढताना, अप्पांनी एका रविवारच्या पुरवणीत वाचलं की रोज लांब पळणाऱ्या माणसाचं हृदय बळकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. झोपेत चाळिसाच्या खालीही जातात. तो आजार नव्हे. पळणं थांबलं की काही आठवड्यांत ठोके पुन्हा वाढतात.

अप्पांनी ते चारदा वाचलं. कात्रीनं कापलं. दाखवायला कुणी नसलं तरी काही वाचलं की ते कापून ठेवत; हे मात्र खिशात घालून ते भर दुपारी सावरपाड्याला चालत गेले. वय सत्तरीकडं झुकलेलं.

चांगो ओसरीवर होता. जनी खांबाला टेकून बसली होती, अंगानं जड झालेली, पाय सुजलेले. एकवीस वर्षं तिची ती जागा. खांबाला तिच्या पाठीनं झिलई आली होती. सून शकू पाण्याला निघाली होती.

अप्पांनी कात्रण वाचून दाखवलं, सावकाश, बोट ठेवून.

"म्हंजी मी आजारी नवतो?" चांगोनं विचारलं.

"नव्हतास."

"कंदीच?"

"कधीच नाही. तुझ्यासारखं काळीज तालुक्यात दुसरं नव्हतं." अप्पा थांबले. "एक होतं."

चांगोनं कात्रण हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो उलटं सुलटं करून बघत राहिला. मागच्या बाजूला साबणाची जाहिरात होती. जनीकडं त्यानं बघितलं नाही.

जनीच बोलली. आवाज अगदी साधा होता, बाजारातला भाव विचारावा तसा.

"मंग मी कशाला बसले, वो?"

अप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

जनी खांबाला धरून उठली. शकूच्या काखेतला हंडा तिनं काढून घेतला. "आत्याबाय, नको," शकू म्हणाली. जनी विहिरीकडं चालू लागली. चांगो उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. अडवायचा हक्क आपल्याला उरलाय का, ते त्याला ठरवता येईना. तिनं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि परत वळली. जेमतेम पन्नास पावलांची वाट. अर्ध्यावर ती थांबली. हंडा उतरवताना निम्मं पाणी सांडलं. ती तिथंच ओल्या जमिनीवर बसली, एक हात गळ्याशी लावून.

चांगो तिच्याजवळ जाऊन बसला. त्यानं दुसरा हात धरू बघितला, तिनं दिला नाही. ती डोळे मिटून मोजत होती, ओठ हलत होते. एक वीस. दोन विसा. तीन. ठोके भराभर पडत होते, तिचं मोजणं संपेना.

"सा इसा झालं," ती शेवटी म्हणाली. "आनि अजून थांबत नाय."